मदत हवी आहे: नेट परीक्षा झाली पण जेआरएफ (संशोधनाची फेलोशिप) नाही, आता प्रोजेक्ट शोधू, पीएचडी बघू की सीएचबी (कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवणं)?

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसती वाचत होते, आज पहिल्यांदाच लिहितेय, सांभाळून घ्या.

एमएस्सी बायोटेक, मग दोन वर्षं पुण्यात एका लॅबमध्ये प्रोजेक्ट असोसिएट. सेल कल्चर, वेस्टर्न ब्लॉट, क्लोनिंग, क्यूपीसीआर या लॅबमधल्या तंत्रांवर हात बसलाय, कॉन्फोकल मायक्रोस्कोप थोडंफार. मार्चमध्ये ग्रँट संपली, सर म्हणाले पुढचं मंजूर झालं की कळवतो, म्हणजे काय ते तुम्हाला माहितीये.

सीएसआयआर नेटमध्ये (विज्ञान विषयांची राष्ट्रीय पात्रता परीक्षा) दुसऱ्या कॅटेगरीत आले, म्हणजे असिस्टंट प्रोफेसर आणि पीएचडी प्रवेश, फेलोशिप नाही. घरी लातूरला बाबांनी पेढे वाटले, त्यांच्या मते पोरगी प्राध्यापक झाली. त्यांना कसं सांगू की तिकडच्या कॉलेजात सध्या फक्त सीएचबी आहे, तासावर पैसे आणि तेही कधी हातात पडतील ते पडतील. पीएचडीचं म्हणाल तर हा स्कोअर एकच वर्ष चालतो, त्याला ७० टक्के वेटेज आणि इंटरव्ह्यूला ३०, पण प्रवेश मिळाला तरी खायचं काय? जेआरएफवाल्यांना २०२३ पासून महिना ३७,००० आणि वर एचआरए, आमच्यासारख्यांचं सगळं गाईडकडे प्रोजेक्ट आहे की नाही यावर.

एनसीसीएस, आयसर, आघारकर, खारघरचं अ‍ॅक्ट्रेक, या सगळ्या संशोधन संस्थांच्या साइट रोज उघडते, इंडियाबायोसायन्सचं जॉब्सचं पान पण. एका वॉक-इनला एका जागेला साठेक जण होते, एक मुलगा रात्रभर एसटीने आलेला, आणि नंतर कळलं जागा लॅबमधल्याच मुलीसाठी काढली होती. पीआय (लॅबप्रमुख) लोकांना चाळीसेक मेल केल्या, उत्तरं तीन, तिन्ही नकार. माझं नक्की काय चुकतंय?

जुना_पोस्टडॉक: सीएचबी घेतलीत तर बेंचवरचा हात जाईल, मी तरी नाही घेणार. नव्याने रुजू झालेले पीआय शोधा, त्यांना लॅब उभी करायची असते, क्लोनिंग येणारं माणूस लागतंच. इंटरव्ह्यूत प्रोजेक्टची किती वर्षं उरलीत हे तोंडावर विचारा, लाजू नका, सहा महिने उरलेल्या प्रोजेक्टवर गेलात तर परत इथेच धागा काढाल. डीबीटीची (केंद्राचा जैवतंत्रज्ञान विभाग) बेट परीक्षा पण द्या, त्यातनं जेआरएफ मिळते. आणि मेल कशी लिहिता? त्या पीआयचा शेवटचा पेपर वाचून, त्यातला कुठला प्रयोग तुम्ही पहिल्या आठवड्यात लावू शकता ते दोन ओळीत लिहा. चाळीस जणांना एकच मेल नाही ना पाठवली?

धागाकर्ती: एकच होती हो, नुसतं वरचं नाव बदलून. दोनदा तर तेही बदलायचं राहिलं.