साइन ६० चं डेरिव्हेटिव्ह ०.५ यायला पाहिजे, मला ०.००८६ येतंय. कुठं चुकायलंय?

प्रश्न: बारावी सायन्स, लातूर

मी औसा तालुक्यातली. दहावीपर्यंत जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठीतून शिकले, आता लातूरला रूम करून राहते. क्लासमध्ये सरांनी फळ्यावर डेरिव्हेटिव्हची, म्हणजे बदलाच्या वेगाची, सहा सूत्रं लिहिली आणि पाठ करा म्हणाले. साइनचं कॉस, कॉसचं मायनस साइन, टॅनचं सेक स्क्वेअर, असं. पाठ झाली, पण पटल्याशिवाय माझं पुढं सरकत नाही.

काल रात्री कॅल्क्युलेटर घेऊन बसले. साइन ६० म्हणजे ०.८६६०, साइन ६१ म्हणजे ०.८७४६. कोन एकानं वाढवला तर फरक ०.००८६. पण कॉस ६० तर ०.५ आहे! तीनदा करून पाहिलं. रूममेट म्हणाली, पेपरात हे विचारत नाहीत, झोप आता. मला झोप लागली नाही. आणि कॉसच्या सूत्रात मायनस कशामुळं येतो? कुणीतरी नीट सांगा.

उत्तर: डिप्लोमावाला, परभणी

तुझा कॅल्क्युलेटर अंशात आहे. स्क्रीनवर वर बारीक ‘डी’ दिसत असेल, तो ‘आर’ कर. सूत्रं रेडियनसाठी आहेत, ते कोन मोजायचं दुसरं माप. मग साइन १ आणि साइन १.००१ घे, फरकाला ०.००१ नं भाग. ०.५३९९ येईल, आणि कॉस १ आहे ०.५४०३.

उत्तर: निवृत्त गणित शिक्षक, कंधार

लेकरा, तुझं उत्तर चुकलेलं नाही. तू वेगळ्या मापानं मोजलंस एवढंच. वरच्या भावानं बरोबर सांगितलं, पण रेडियनच का, ते मी सांगतो.

माळेगावच्या यात्रेत पाळण्यात बसलीस का कधी? त्याची त्रिज्या १ धर. मधल्या आसाच्या रेषेपासून तू किती वर आहेस, ते साइन. आसापासून आडवी किती लांब आहेस, ते कॉस. आता आठव, तू सगळ्यात झपाट्यानं वर कधी चढतेस? पाळणा आसाच्या बरोबरीनं असतो तेव्हा तू सरळ वर चढत असतेस, उंची सगळ्यात झपाट्यानं वाढते. तिथं कोन शून्य, कॉस १. अगदी शेंड्यावर गेलीस की क्षणभर वरही नाही, खालीही नाही. कोन ९०, कॉस शून्य. उंची वाढायचा वेग कॉसच दाखवतो.

मधल्या कोनात काय होतं? पाळणा कडेवरून जरासा सरकला, समज ‘एच’ एवढा. ते सरकणं त्रिज्येला काटकोनात असतं. कागदावर त्याचा बारका काटकोन त्रिकोण काढ: वर जाणारी बाजू येते एच गुणिले कॉस, आडवी बाजू एच गुणिले साइन. पण वर चढताना तू आसाच्या उभ्या रेषेकडं ओढली जातेस, आडवं अंतर कमी होतं. तुझा मायनस तो हा.

आता खरी मेख. हा ‘एच’ कडेवरची लांबी आहे. कोन रेडियनमध्ये असला तरच कोनाचा आकडा आणि कडेवरची लांबी एकच. एक अंश फिरलीस तर कडेवर सरकलीस फक्त पाय (π) भागिले १८०, म्हणजे ०.०१७४५. त्याला ०.५ नं गुण: ०.००८७. तुझा ०.००८६ तोच आहे. एक अंशाचं पाऊल जरा मोठं पडलं म्हणून किंचित फरक.

आपल्या जुन्या गणितींना हे पक्कं ठाऊक होतं. वर्तुळाचे ३६० अंश म्हणजे २१,६०० कला (एका अंशाच्या ६० कला). त्याला दोन पायनं भागलं की जवळपास ३,४३८. त्यांनी ‘ज्या’ (त्रिज्येनं गुणलेला आपला साइन) काढताना त्रिज्याच ३,४३८ धरली, म्हणजे कंस आणि त्रिज्या एकाच मापात. ११५० च्या ‘सिद्धांतशिरोमणी’त भास्कराचार्य ग्रहाची त्या क्षणाची गती काढताना ज्येतला फरक कोटिज्येच्या प्रमाणात घेतात. कोटिज्या म्हणजे आपला कॉस. चाळीस वर्षं शिकवलं, तरी हे सांगताना अजून अंगावर काटा येतो.

आणि हो, पेपरात ‘साइन एक्स अंश’ असं दिलं तर आधी एक्सला पाय भागिले १८० नं गुणून रेडियन कर, मग चेन रूल लाव. तो गुणक बाहेर येतो. मुलं तोच विसरतात.

प्रश्न विचारणारी

गुरुजी, वहीत पाळणा काढला. टॅनला भागाकाराचा नियम लावला, वर कॉस स्क्वेअर अधिक साइन स्क्वेअर आलं, म्हणजे १, खाली कॉस स्क्वेअर. सेक स्क्वेअर निघालं! मग मुद्दाम ‘डी’वरच ठेवून टॅन ४५ आणि टॅन ४५.१ घेतलं. फरक ०.००३४९७. त्याला ०.१ नं नाही भागलं, ०.१ अंशाचे रेडियन म्हणजे ०.००१७४५३ नं भागलं. २.००३ आलं, आणि सेक स्क्वेअर ४५ आहे २. रूममेटला उठवून दाखवलं.