मानेत ९ मिलीमीटरची गाठ दिसतेय. थांबावं की वावर विकावं?

नमस्कार मंडळी. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातून लिहितोय. जरा लांबेल, पण अर्धवट सांगून सल्ला मागण्यात अर्थ नाही.

बाबा ६१ वर्षांचे. तंबाखूचा खर्रा ३० वर्षं. (मीही खायचो, जानेवारीपासून सोडलाय, ते असो.) जानेवारीतच नागपूरला त्यांच्या डाव्या गालाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं. जबड्याचा तुकडा काढला, छातीचं मांस तोंडात लावलं. मग ३० शेक (रेडिएशन), ते एप्रिलच्या शेवटी संपले. ऑपरेशन आणि शेक महात्मा फुले योजनेत बसले. पण जाणं-येणं, खोलीभाडं, नळीतून द्यायची पावडर आणि बाहेरच्या तपासण्या यांत सव्वादोन लाख गेले. त्यातले ८० हजार अडत्याकडून उचल, म्हणजे यंदाचा कापूस त्याच्याच काट्यावर.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पेट स्कॅन केला, त्यात रोगाची जागा चमकते म्हणे. आमच्या सर्जननी सांगितला नव्हता. चुलतभावाच्या ओळखीच्या एका डॉक्टरांनी सांगितला आणि आम्ही घाबरून करून टाकला. त्याच बाजूला मानेत ९ मिलीमीटरची गाठ, थोडी चमकणारी. सूज असेल किंवा रोग, पडताळून पाहा, असं रिपोर्टात आहे.

सर्जन म्हणतात, शेक संपून सहाच आठवडे झाले होते, सुजेमुळेही चमकतं, निदान बारा आठवडे जाऊ द्यायचे असतात. जुलैच्या शेवटी सोनोग्राफीत पाहून गाठीत सुई घालू आणि आतलं काढून तपासू. दुसरे डॉक्टर म्हणतात, वेळ घालवू नका, इम्युनोथेरपी (प्रतिकारशक्तीला रोगाशी लढायला लावणारं औषध) सुरू करा. एका डोसचे १ लाख ६० हजार, दर तीन आठवड्यांनी. किती डोस विचारलं, तर म्हणे, फरक पाहून ठरवू. दवाखान्यातला योजनेचा माणूस, आरोग्यमित्र, म्हणाला, हे योजनेत बसत नाही.

बाबांच्या नावावर चार एकर वावर आहे. रस्त्याकडच्या दोन एकरांना गिऱ्हाईक तयार आहे. काका म्हणतात, विकून टाक, उद्या लोक म्हणतील पोरानं पैशाकडे पाहिलं. आई काही बोलत नाही, ती काड्या मोजते.

तोंड उघडावं म्हणून आइस्क्रीमच्या लाकडी काड्यांची चळत दातांत धरायचा व्यायाम दिलाय. मे महिन्यात १४ काड्या मावत होत्या, आता ११. बारावी सरकवताना बाबांच्या डोळ्यांत पाणी येतं, तरी आई "अजून एक, अजून एक" करत बसते. हे आखडणं शेकामुळे की रोगामुळे, कोणी नीट सांगत नाही. बाबांचं बोलणं हल्ली अर्धंच कळतं. पण परवाचं पूर्ण कळलं: "वावर इकशीन तं मी दवाखान्याची पायरी चढत नाही."

थांबणं म्हणजे हयगय होते का? आणि टाटाला दाखवायचं तर काय काय न्यावं लागतं?

वर्धेकर
दादा, मी डॉक्टर नाही. माझ्या भावाचं असंच झालं होतं, म्हणून लिहिते. त्या दुसऱ्या डॉक्टरांना सरळ विचारा, गाठीत रोग आहे हे कुठे सिद्ध झालंय? सुईत निघालाच, तरी एकट्या गाठीचं पुन्हा ऑपरेशन होतं का, हे आधी पाहतात. तेवढे दिवस थांबणं हयगय नाही, पण तारीख आजच पक्की करा. मधे गाठ वाढली किंवा तोंडातून रक्त आलं तर तारखेची वाट पाहू नका.

आखडणं शेकानंतर महिनोन्‌महिने वाढत राहतं, भावाचंही वाढलं. पण ११ काड्या झाल्यात हे सर्जनला आकड्यासकट सांगा.

टाटाला जाताना नुसते रिपोर्ट नका नेऊ, नागपूरहून ब्लॉक आणि स्लाइड (ऑपरेशनात काढलेल्या तुकड्याचे मेणातले ठोकळे आणि काचा) मागून घ्या. रेल्वेत कॅन्सर रुग्णाला स्लीपर आणि थर्ड एसीचं तिकीट माफ असतं, सोबत्याला ७५ टक्के सूट. फॉर्म दवाखान्यातून भरून मिळतो. उतरायला दादरची गाडगे महाराज धर्मशाळा पाहा.

आणि इम्युनोथेरपीची वेळ आलीच, तर कमी डोसचं विचारा. टाटाच्याच डॉक्टरांचा अभ्यास २०२२ मध्ये आलाय. निवोलुमॅब हे इम्युनोथेरपीचं औषध फक्त २० मिलिग्रॅम दर तीन आठवड्यांनी, सोबत गोळ्यांची किमो. पण तो परत उलटलेल्या किंवा पसरलेल्या रोगासाठी होता, तुमच्याकडे अजून तेच ठरायचंय.

मूळ धागाकर्ता
ताई, खूप आभार. सुईची तारीख मिळाली, २४ जुलै. गिऱ्हाइकाला ऑगस्टपर्यंत थांब म्हटलं, तो म्हणतो मग जमिनीच्या भावाचं बोलू नका. काकांना अजून सांगितलं नाही. ब्लॉकसाठी अर्ज बाबांच्या सहीनं द्यावा लागतो की माझ्या चालतो?