पावसात ब्रिग्गेन बघायचं कसं

पाऊस असेल तर नॉर्वेतल्या बर्गनमध्ये ब्रिग्गेन, म्हणजे बंदरावरची जुनी लाकडी व्यापारी वस्ती, धक्क्यावरूनच बघून पुढे जा, असा सल्ला दिला जातो. मला तो अजिबात पटत नाही. रंगीत घरांची रांग हा फक्त दर्शनी भाग, खरं ब्रिग्गेन मागच्या बोळांत आहे. तिथे वरच्या मजल्यांचे सज्जे पुढे आलेले असल्याने बराच आडोसा मिळतो. पायाखाली मात्र लाकडी फळ्या असतात आणि त्या भिजल्या की फार निसरड्या होतात, तेव्हा खोल खाचांचा रबरी तळ असलेले बूटच घाला. छत्री नकोच. बंदरावरच्या वाऱ्याने ती उलटी होते, बोळात उघडायला जागा नसते. टोपीवालं रेनजॅकेट घ्या.

पावसात जाण्यासारखी आणखी एक जागा आहे. १७०२ च्या आगीत ब्रिग्गेन जळालं आणि जुन्याच धाटणीने पुन्हा उभं राहिलं. आगीच्या धास्तीने या घरांत चूल काय, दिवाही पेटवायला बंदी असे. म्हणून हान्सा या जर्मन व्यापारी संघाचे व्यापारी आणि त्यांची शिकाऊ पोरं गरम जेवणासाठी, उबेसाठी मागच्या वेगळ्या इमारतींत जमत. त्या म्हणजे शॉट्स्टुएने, मारिया चर्चला लागूनच. भिजल्या अंगाने तिथे शिरलं की त्या उबेची किंमत कळते. शहरामागच्या फ्लोयेन डोंगरावर नेणाऱ्या रेल्वेचं तिकीट काढण्याआधी मात्र धक्क्यावरून वर बघा: ३२० मीटरवरचं ते टोक ढगात असेल तर वरून शहर दिसणार नाही.