अनुभव धागा: "फॅमिली कुठली?" ठाणे-नवी मुंबईत घर शोधताना

जात, धर्म किंवा ताटातल्या मासळीवरून घर नाकारलं गेलं असेल, किंवा सोसायटीच्या मीटिंगमध्ये बसून तुम्हीच नाकारलं असेल, तर लिहा. माणसांची, सोसायट्यांची नावं नकोत. पक्षांची भांडणं दुसरीकडे.

मुंब्रा-कौसा
१९९३ च्या जानेवारीपर्यंत आम्ही जोगेश्वरीत होतो. अब्बांनी खोली मिळेल त्या भावाला फुंकली आणि इथे आलो. श्रीकृष्ण आयोगाने डिसेंबर-जानेवारीच्या मुंबई दंगलींतले ९०० मृत्यू नोंदवले; आमच्यासारखे जिवंत राहून निघालेले त्या आकड्यात कुठे बसणार? मुंब्र्यात आधीपासून कोकणी मुसलमान होते. आमचे लोंढे पाहून त्यांनीही नाकं मुरडली, हेही लिहायला हवं. मागणी एवढी वाढली की कुठेही, कसेही स्लॅब पडू लागले. एप्रिल २०१३ मध्ये शीळफाट्याजवळची इमारत कोसळून ७४ माणसं गेली, आठवतंय ना? आता भाचीला ऐरोलीत नोकरी लागलीय. एजंट गोड बोलतात, पूर्ण नाव सांगेपर्यंत.

घोडबंदर रोड, एजंट
शिव्या पडणार, तरी सांगतो. मालक फोनवर म्हणतो, "फॅमिली बघून दे." आम्ही काय ते समजतो. कधी मालकाची हरकत नसते, सेक्रेटरीच अडवतो. म्हणून फ्लॅट दाखवण्याआधी मी पूर्ण नाव विचारतो, दोघांची खेप वाचते. ब्रोकरेज सोडून समाजसुधारणा मला परवडत नाही.

खारघर
माझ्या आडनावावरून पटकन काही कळत नाही. चहा झाला, डिपॉझिट ठरलं. मग काकूंनी कुलदैवत विचारलं. "आम्ही बौद्ध" म्हटल्यावर त्यांना एकदम आठवलं की मुलगा अमेरिकेहून परत येतोय. फ्लॅटची जाहिरात अजून साइटवर आहे.

चेंदणी कोळीवाडा, ठाणे
आम्ही इथले मूळचे, आणि टॉवरवाले विचारतात "नॉनव्हेज खाता?" आमच्यावर आलं की मराठी माणसाचा अपमान म्हणून बातमी होते. मुंब्र्याच्या ताईंच्या भाचीची कोण करतं?

वाशी, माजी सेक्रेटरी
महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६०, कलम २३: पात्र व्यक्तीला पुरेशा कारणाशिवाय सदस्यत्व नाकारता येत नाही. उलट २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या एका पारशी सोसायटीला सदस्यत्व आपल्याच समाजापुरतं ठेवू दिलं. भाडेकरू तर सदस्यच नसतो. शिवाय नकार कागदावर कधी येतच नाही, "जागा गेली" एवढंच.

भिवंडीचा, सध्या ठाणे
आमच्या गावात १९७० ला हिंदू-मुस्लिम दंगल, १९८४ ला पुन्हा. नंतर पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला कमिट्या बसवल्या. वडील एकीत होते. बैठकीत दंगलीपेक्षा नळाचं पाणी आणि गटारं यांवरच वाद जास्त, असं ते सांगत. पण त्यातूनच दोन्हीकडचे लूमवाले एकमेकांना नावाने ओळखू लागले. अफवा उठली की थेट समोरच्याला विचारायचं, चौकात जमायचं नाही. डिसेंबर १९९२ ला मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली. आळ्या आणि मोहल्ले मात्र वेगळे ते वेगळेच, पण निदान हाकेच्या अंतरावर. इथे आमच्या विंगमध्ये नेमप्लेटवर सगळी एकाच बाजूची नावं आहेत. कमिटी बसवायची म्हटली, तर समोर बसवायला माणूस मुंब्र्याहून आणावा लागेल.