२० वर्षं जुनी फायबरची होडी: आधी मागची फळी की आधी इंजिन? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आमचं गाव कुडाळ तालुक्यात, कर्ली खाडीच्या काठी. बाबांनी साधारण २० वर्षांपूर्वी १८ फुटी फायबरची होडी घेतली होती. धंद्यासाठी नाही, रविवारी गरी टाकायला. पाच वर्षांपूर्वी ते गेले आणि होडी मांगरात (शेतावरच्या खोपटात) उपडी न करता तशीच राहिली. वर झावळ्या आणि एक निळी ताडपत्री. ताडपत्री पहिल्याच पावसात फाटली हे मला पुण्यात बसून कळायला तीन पावसाळे लागले. चूक माझीच.

आता मुलगी १३ ची आणि मुलगा ९ वर्षांचा झालाय. दोघांना खाडीत तांबोशी, शेंगटी, काळुंद्र गरवायला न्यायचंय. बायको येते म्हणतेय, आई "मी येत नाही पण ताजं आणा" म्हणतेय. समुद्रात खोल जायचा विचार नाही. नाताळच्या सुट्टीपर्यंत होडी पाण्यात यावी एवढीच इच्छा.

दसऱ्याला गावी गेलो तेव्हा जे पाहिलं ते सांगतो.

होडीची पुढची बाजू बोटाने ठोकली तर ठणठण वाजते. ट्रान्सम, म्हणजे इंजिन लटकतं ती मागची उभी फळी, वरून ठीक वाजते पण खालच्या बोल्टांच्या आसपास भदभद आवाज येतो. बोल्ट सैल केला तर चहासारखं पाणी ठिबकलं, तेही पाऊस थांबून आठ दिवस झाल्यावर. तळाची फळी मागच्या पाटाजवळ पाय दिला की दबते. आणखी एक गोष्ट: ही होडी पूर्वी चार माणसं उचलून ओंडक्यांवर ठेवायची. या वेळी सहा जण होतो आणि तरी दम लागला. आम्ही म्हातारे झालो की होडी जड झाली, ते कळेना.

इंजिन २५ हॉर्सपॉवरचं टू-स्ट्रोक, जपानी बनावटीचं. प्लग काढून तेल सोडलं, दोन दिवस ठेवलं, दोरी ओढल्यावर मोकळं फिरलं. नवे प्लग आणि ताजं पेट्रोल घालून ड्रममध्ये उभं केलं आणि नवव्या झटक्याला चालू झालं! मांगरात सगळे ओरडलो. पण थंड पाण्याची धार बाहेर आलीच नाही म्हणून ४० सेकंदांत बंद केलं. खालचं गिअर ऑइल काढून पाहिलं तर ताकासारखं पांढरं. पेट्रोलची रबरी नळी हाताला चिकटते.

दोन कारागिरांना विचारलं. एक म्हणाला, वरून मॅटचे (काचेच्या धाग्यांच्या चटईचे) दोन थर मारून देतो, १८ हजार. दुसरा म्हणाला, आतलं प्लायवूड सगळं काढून नवं घालावं लागेल, ४५ हजार, आणि "दिवाळीनंतर बघू". घरात सगळ्यांचं मत इंजिन आधी करून घ्यावं, कारण ते चालू झालेलं सगळ्यांनी पाहिलंय. माझा हात सुतारकामात बरा आहे, फायबरचं काम कधी केलेलं नाही. निम्मं काम स्वतः करता येईल का? की विकून मोकळं व्हावं? विकायची आईची तयारी नाही, हेही सांगून ठेवतो.

- खाडीकाठचा पुणेकर

---

मांगरातलो माणूस:

माझा ऐका. इंजिना मागसून. आधी पाठ बघा. लाकूड कुजला असात तर एक दिवस नुसता इंजिन खाडीत जातला आणि तुम्ही वर बसान बघत रवतल्यात.

---

रेझीन आणि मॅट:

वरच्यांनी दोन ओळीत सांगितलं ते बरोबर. मी थोडं विस्ताराने सांगतो, २० वर्षं हेच काम केलंय.

१८ हजारवाला पर्याय विसरा. ओल्या प्लायवर मॅट चढवली की ओल आत कोंडली जाते, कूज थांबत नाही, आणि तेलकट-ओल्या जुन्या थराला नवा थर धरतही नाही. पहिल्या वर्षी छान दिसेल.

आधी खात्री करा. ६ मिलिमीटरचं ड्रिल घ्या, त्यावर टेप गुंडाळून खोलीची खूण करा म्हणजे बाहेरच्या थरातून आरपार जाणार नाही. आतल्या बाजूने भोकं पाडा: दोन वर, बाकी खाली, विशेषतः पाणी काढायच्या बुचाजवळ आणि बोल्टांच्या खाली. भुसा फिका आणि कोरडा आला तर लाकूड जिवंत. काळा, ओला, आंबूस वासाचा आला तर मेलं.

मेलं असेल तर निम्मं काम तुम्ही नक्की करू शकता. आतला फायबरचा थर कडेने दोनेक इंच सोडून ग्राइंडरने कापा आणि कुजलेलं प्लाय पटाशीने काढा. हे घाणेरडं आणि वेळखाऊ काम आहे, ४५ हजारातले बरेच पैसे त्याचेच. मास्क चांगला घ्या, पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला, नाहीतर काचेची खाज तीन दिवस झोपू देणार नाही. मग बाहेरचा थर नीट वाळू द्या. घाई इथेच नडते. सध्याच्या दमट हवेत रेझीनला हात लावू नका, थंडी पडू दे.

नवं प्लाय मरीनच घ्या, त्यावर आयएस ७१० चा शिक्का असतो. दुकानदार बीडब्ल्यूआर (उकळत्या पाण्याला तग धरणारं साधं प्लाय) दाखवून "पाण्याला चालतं" म्हणतो, ते स्वयंपाकघराच्या ओट्याखाली चालतं. काढण्याआधी जुन्या फळीची एकूण जाडी मोजून ठेवा, इंजिनाचे शिकंजे त्याच मापाचे असतात. बहुधा १८ मिलिमीटरचे दोन थर चिकटवून काम होईल. चिकटवायला इपॉक्सी वापरा, जुन्या पॉलिएस्टरवर ती उत्तम धरते. पण इपॉक्सीबरोबर साधी चॉप्ड (तुकडे धाग्यांची) मॅट वापरू नका. त्या मॅटमधला डिंक पॉलिएस्टर रेझीनमधल्या स्टायरीनने विरघळतो, इपॉक्सीत नाही, म्हणून ती नीट भिजत नाही. विणलेलं कापड घ्या. वरून जेलकोटच्या (होडीवरच्या गुळगुळीत रंगीत रेझीनच्या थराच्या) भानगडीत न पडता टू-पॅक पॉलियुरेथेन रंग द्या.

सगळ्यात महत्त्वाचं बोल्टांचं. होडी कुजली ती बोल्टांच्या भोकांतून. प्रत्येक भोक गरजेपेक्षा मोठं पाडा, इपॉक्सीने पूर्ण भरा, वाळलं की त्यातच योग्य मापाचं भोक पाडा. बोल्टाचा लाकडाला स्पर्शच व्हायला नको.

आणि कोणी पॉलिएस्टर रेझीन दिलंच तर कोबाल्ट (रेझीन लवकर घट्ट करणारं द्रव्य) आणि हार्डनर एकमेकांत थेट कधीही मिसळू नका, भडका उडतो. आधी कोबाल्ट रेझीनमध्ये पूर्ण ढवळायचा, मग हार्डनर. आमच्या शेडमध्ये एका पोराची भुवई गेलेली पाहिलीय.

---

टू-स्ट्रोक:

इंजिनाचं मी सांगतो. तुमची बातमी वाईट नाही.

धार येत नाही म्हणजे बहुतेक पाण्याच्या पंपाचा रबरी इंपेलर, म्हणजे पाणी ढकलणारं पाकळ्यांचं चाक. पाच वर्षं एकाच जागी राहून त्याच्या पाकळ्या वाकून कडक झाल्या असतील. ४० सेकंदांत बंद केलंत हे फार चांगलं केलंत. नवा इंपेलर टाका, तरी धार नाही आली तर आतल्या वाटा मिठाने बुजल्यात का ते बघा.

पांढरं गिअर ऑइल म्हणजे खाली पाणी शिरलंय. पंखा काढा आणि त्यामागे दांड्यावर तंगूस (गरीचा नायलॉनचा दोरा) गुंडाळलाय का बघा. गरवणाऱ्यांच्या इंजिनांत सील जायचं हे नेहमीचं कारण. तंगूस पंख्यात अडकतो, मागे सरकतो आणि सील कापतो. सील बदलून नवं तेल भरा, पहिल्या फेरीनंतर पुन्हा उघडून रंग बघा.

रबरी नळी, हाताने दाबायचा फुगा, कार्बोरेटरचे वॉशर सगळं नवं, इथेनॉलला टिकणारं घ्या. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि ते हवेतली ओल ओढतं. टाकीत महिनोन्महिने ठेवू नका. ऑइल मोटरसायकलचं नको, टीसी-डब्ल्यू३ लिहिलेलं घ्या, पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनासाठी तेच असतं. प्रमाण पुस्तिकेत बघा. ५०:१ असेल तर लिटरला २० मिली. प्रत्येक फेरीनंतर गोड्या पाण्याच्या ड्रममध्ये पाच-दहा मिनिटं चालवायचं, कितीही दमलात तरी. झिंकच्या वडीवर (इंजिनाऐवजी स्वतः गंजून झिजते ती) रंग मारू नका, उत्साही लोक हमखास मारतात.

एकच मतभेद: ट्रान्सम आधी हे खरं, पण इंपेलर आणि सील आत्ताच मागवा. आमच्याकडे भाग यायला तीन आठवडे लागले होते.

---

सुकती:

होडी जड झालीय, तुम्ही म्हातारे नाही. तळाच्या फळीखालचा फोम पाणी प्यायलाय. एक घनफूट पाणी म्हणजे २८ किलो. असे पाच घनफूट भिजले असतील तर दोन माणसं कायमची होडीत बसलेली समजा, तीही तळाशी, न दिसणारी. फळी दबते तिथे उघडून ओला फोम काढाच. तो वाळत नाही.

आता काम सोडून दुसरं. "खोल जायचं नाही" म्हणता, पण कर्लीत गरी टाकणारा माणूस हळूहळू देवबागच्या संगमाकडे, खाडी समुद्राला मिळते तिथे, सरकतोच. तिथे ओहोटीचं पाणी बाहेर धावतं आणि दुपारी खारा वारा समोरून येतो, दोन्ही भिडले की लाट उभी राहते. आजोबांचा हिशोब ठाऊक असेल, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. पुनवेला सव्वाअकराच्या सुमारास भरती, म्हणजे दुपारी दोन-तीनला ओहोटी सगळ्यात जोरात, वाराही तेव्हाच, आणि उधाण असल्याने पाणीही जास्त. त्या दिवशी पोरांना घेऊन संगमाकडे फिरकू नका. भांगाचे (भरती-ओहोटी कमी असते ते, अष्टमीच्या आसपासचे) दिवस निवडा, सकाळी निघा, जेवायला घरी या.

मुलांची जॅकेट त्यांच्या वजनाच्या मापाची घ्या, मोठ्यांचं जॅकेट ९ वर्षांच्या पोराच्या डोक्यावरून निघून जातं. नांगर, लांब दोरी, दोन वल्ही. इंजिन बंद करणारी लाल दोरी चालवणाऱ्याच्या मनगटाला. तटरक्षक दलाचा १५५४ आणि सागरी पोलिसांचा १०९३ फोनमध्ये ठेवा. आणि होडीची नोंद बाबांच्या नावावर असेल, तर काम पूर्ण व्हायची वाट न बघता आत्ताच बंदर कार्यालयात जाऊन ती तुमच्या नावावर कशी करायची ते विचारा. जून-जुलैच्या बंदीत तर इंजिन लावून मासे मारायला जायचंच नाही, हौस असली तरी.

---

खाडीकाठचा पुणेकर:

सगळ्यांचे आभार. शनिवारी पुन्हा गावी जाऊन आलो.

सात भोकं पाडली. वरच्या दोन्हींतून फिका भुसा. खालच्या पाचांपैकी चारांतून काळा चोथा आला, वास शिळ्या आंबोळीच्या पिठासारखा. म्हणजे निर्णय झाला. उचकायचं काम मी आणि चुलतभाऊ करणार, प्लाय बसवायला आणि थर द्यायला ४५ हजारवाला कारागीर. त्याला विचारलं तर म्हणाला, उचकून दिलंत तर २६ घेईन. तळाचा फोम उघडला, पिळल्यावर बादली भरली.

पंखा काढला. टू-स्ट्रोक म्हणाले तसंच. दांड्यावर हिरवा तंगूस, घट्ट, बोटभर जाडीचा. हिरवा आमच्या घरात फक्त बाबा वापरायचे, माशांना दिसत नाही म्हणायचे. आईला दाखवला तर म्हणाली, "तेव्हाच सांगत होते, दोरा पाण्यात असताना इंजिन सुरू करू नका." सील मागवलंय. तंगूस टाकवला नाही, मांगरात खिळ्याला टांगलाय.

शेवटचा प्रश्न: ट्रान्समला आयएस ७१० ची अर्धी शीट पुरेल. कुडाळ-मालवणात कोणी अर्धी देतं का?

---

मांगरातलो माणूस:

अर्धी कोण देवचो नाय. पुरी घेवा. उरल्यात त्येचो आवशीक बसाक पाट करा. येतली ती, बघा तुम्ही.