पडद्यावरचा ज्यू डॉक्टर: धर्म आठवतो तो कोसळतानाच का?

मृण्मयी
'द पिट' या अमेरिकन हॉस्पिटल मालिकेचा पहिला सीझन (२०२५) संपवला. डॉ. रॉबी, म्हणजे मायकल रॉबिनाविच, पिट्सबर्गच्या इमर्जन्सीत राबतोय. गोळीबारातल्या जखमींची रीघ लागते, लहान मुलांच्या खोलीत मृतदेह ठेवावे लागतात. तिथेच तो जमिनीवर बसतो आणि गळ्यातला डेव्हिडचा तारा, म्हणजे ज्यूंचं चिन्ह, धरून 'शेमा' ही ज्यू प्रार्थना पुटपुटतो. रॉबीच्या भूमिकेत नोआ वायलीने जीव ओतलाय, वादच नाही. पण या माणसाचं ज्यूपण ठळकपणे दिसावं ते तो मोडून पडल्यावरच?

'नॉर्दर्न एक्स्पोजर' या जुन्या मालिकेतला जोएल फ्लाइशमन मला म्हणूनच जास्त खरा वाटतो. शिक्षणाचा खर्च अलास्काने केला म्हणून न्यूयॉर्कचा हा डॉक्टर तिथल्या खेड्यात अडकतो. काका वारतात. कद्दिश, म्हणजे मृतासाठीची प्रार्थना, म्हणायला दहा ज्यू हवेत, आणि गावकरी ते हुडकायला निघतात! शेवटी तो या परधर्मीय गावकऱ्यांनाच सोबत घेऊन प्रार्थना म्हणतो. आपली माणसं कोण, हा प्रश्न तिथे खरोखर सोडवलाय.

अनिरुद्ध_डोंबिवली
अजिबात पटलं नाही. जोएल म्हणजे हुशार, किरकिऱ्या, शहराबाहेर जीव घाबरा होणारा न्यूयॉर्कर. हाच तर ठरीव साचा! रॉबीची पंधरा भागांत पंधरा तासांची एकच पाळी आहे. त्याने प्रार्थना करायची कधी? नाव आहे, तारा आहे, कोणी त्यावर भाषण ठोकत नाही. बहुतेकांचा धर्म असाच अंगावर असतो.

शेवंता
तुम्ही दोघंही स्वभावावर भांडताय. पडद्यावर ज्यू डॉक्टर आयता सुखवस्तू येतो. 'डर्टी डान्सिंग' सिनेमातले डॉ. हाउसमन बघा, १९६३च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कजवळच्या कॅट्स्किल्स डोंगरात सहकुटुंब सुट्टीवर. चोरट्या गर्भपाताने मरणाच्या दारात पोचलेल्या पेनीला ते वाचवतात, तो प्रसंग उत्तमच आहे. पण त्यांच्या पिढीच्या ज्यू मुलांना अमेरिकेतल्या कितीतरी मेडिकल कॉलेजांनी कोटा लावून अडवलं होतं. न्यूयॉर्कचं माउंट सायनाय १८५२मध्ये ज्यूंचं हॉस्पिटल म्हणून स्थापन झालं, पुढे अशाच हॉस्पिटलांनी ज्यू डॉक्टरांना आसरा दिला. ही झुंज कुठे दिसते?

मृण्मयी
शेवंताताई, हे मान्य. आणि आपल्या डॉ. जेरुशा झिराड? बेने इस्रायल, म्हणजे आपल्याकडच्या मराठी ज्यू समाजातल्या, मुंबईच्या कामा हॉस्पिटलच्या एकेकाळच्या प्रमुख, १९६६च्या पद्मश्री. त्यांच्यावर मराठीत मालिका यायलाच हवी, आणि त्यात घरचा शब्बाथही, म्हणजे ज्यूंचा शनिवारचा विश्रांतीचा पवित्र दिवसही, हवा.

अनिरुद्ध_डोंबिवली
मालिका हवीच. पण पहिल्या भागात त्या अडलेली बाळंतीण सोडवताना दिसू देत. शब्बाथ चौथ्या भागात आला तरी माझी हरकत नाही.