डंबलडोर गे आहे कळल्यावर : अनुभव धागा

१९ ऑक्टोबर २००७ ला न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये 'हॅरी पॉटर'च्या लेखिका रोलिंगबाईंनी मालिकेतला मुख्याध्यापक डंबलडोर गे असल्याचं सांगितलं, तेव्हापासून चाहत्यांत जुंपली आहे ती आजतागायत. धक्का बसला की आनंद झाला, एवढ्यावर थांबू नका. पुरावा कुठे दिसला आणि वाद कुठे अडतो, ते प्रकरणासकट लिहा.

रातघुबड
आधी प्रसंग नीट लक्षात घ्या. 'प्रसिद्धीसाठी पिल्लू सोडलं' म्हणणारे तिथेच घसरतात. बाईंनी आपणहून घोषणा केलेली नाही. प्रेमाच्या ताकदीवर एवढा विश्वास असलेला डंबलडोर स्वतः कधी प्रेमात पडला होता का, असं वाचकानं विचारलं, त्याचं हे उत्तर. सातवं पुस्तक २१ जुलैलाच बाजारात आलं होतं. सहाव्या सिनेमाच्या पटकथेत डंबलडोरच्या तोंडी तरुणपणीच्या एका मुलीचा उल्लेख होता, तेव्हा समासात टीप लिहून आपण पटकथाकाराला कळवलं, हेही त्यांनी तिथेच सांगितलं. सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला, शिव्याशाप नंतरचे.

समासातली_टीप
पुन्हा वाचायचं तर सातव्या पुस्तकाचं १८वं प्रकरण आधी घ्या. ग्रिंडेलवाल्ड म्हणजे डंबलडोरचं ज्याच्यावर प्रेम होतं तो तरुणपणीचा मित्र, पुढे खलनायक झालेला. दिवसभर गप्पा मारूनही रात्री त्याच्या खिडकीवर घुबड टकटक करायचं, आल्बसचं (डंबलडोरचं) पत्र घेऊन. हे सांगते ग्रिंडेलवाल्डची नातलग म्हातारी बॅथिल्डा, आणि तिला त्यात फक्त दोन हुशार पोरं दिसतात. त्याच प्रकरणातल्या पत्राची सही बघा: 'आल्बस'च्या पहिल्या अक्षराच्या जागी मृत्यूच्या वस्तूंची, म्हणजे दोघं ज्यांच्या मागे लागले होते त्या तीन जादुई वस्तूंची, खूण आहे. मग थेट ३५वं. ग्रिंडेलवाल्डच्या कल्पनांनी आपण कसे पेटलो, ते डंबलडोर स्वतः सांगतो. त्याला सामोरं जायला इतकी वर्षं का लावली, तेही तिथेच आहे. पण कारण म्हणून तो बहिणीच्या मृत्यूचं सत्य कळण्याची भीती सांगतो, प्रेमाचं नाव काढत नाही.
दुसऱ्या प्रकरणातली सनसनाटी बातम्या देणाऱ्या पत्रकार रीटा स्कीटरची कुजबुज मात्र पुरावा म्हणून आणू नका. ती हॅरीबद्दल आहे, आणि रीटाच्या लेखणीवर विसंबायचं म्हणजे कठीणच!

हट्टी वाचक
खुणा मान्य, पण पुस्तकात शब्द नाही तो नाहीच. कोणी लगेच फ्रेंच समीक्षक बार्थचा १९६७चा 'लेखकाचा मृत्यू' हा निबंध तोंडावर फेकतं: अर्थ लावताना लेखकाचं म्हणणं शेवटचं नाही. तेवढ्यानं भागत नाही, कारण बाईंचं म्हणणं पुस्तकाशी कुठेही विसंगत नाही.
'मुलांच्या पुस्तकात हे कशाला' या ओरडीत दम नाही. त्याच पुस्तकांत वशीकरणाचे काढे आहेत, चुंबनं आहेत, लग्न आहे. खरा आक्षेप समलैंगिक वाचकांचा: मालिकेतलं एकमेव समलैंगिक पात्र, तेही पुस्तकाबाहेर सांगितलेलं, आणि त्याच्या वाट्याला आलं ते एकच घातक प्रेम. याला उत्तर अजून वाचलेलं नाही.

तिरकी रेघ
फॅनफिक, म्हणजे चाहत्यांनी लिहिलेल्या कथा, शोधणाऱ्यांसाठी. त्या जिथे मिळतात त्या आर्काइव्ह ऑफ अवर ओन या साइटवर दोन नावांमध्ये तिरकी रेघ असली तर प्रेमसंबंध, 'अँड'चं चिन्ह असलं तर मैत्री किंवा नातं. टॅग न बघता उघडलं की मग 'हे काय वाचायला लावलंत' अशी बोंब. काळही बघून घ्या: शाळा संपल्यानंतरच्या उन्हाळ्यातल्या कथा वेगळ्या, १९४५च्या दोघांमधल्या द्वंद्वाभोवतीच्या वेगळ्या. दुसऱ्या जातीच्या बऱ्याचदा रडवतात.

शेवटची रांग
'फँटास्टिक बीस्ट्स' या पूर्वकथेच्या सिनेमांचं थोडक्यात. या विषयापुरता २०१६चा गाळला तरी चालेल. २०१८च्या आधी दिग्दर्शक येट्स 'उघडपणे दाखवणार नाही' म्हणाले आणि चाहते भडकले. त्या सिनेमात एरिसेडचा आरसा (मनातली सर्वात खोल इच्छा दाखवणारा) आणि एकमेकांशी न लढण्याची रक्ताची शपथ एवढंच मिळतं. थेट कबुली २०२२च्या भागात, पहिल्याच प्रसंगात, दोघं समोरासमोर बसलेले असताना येते. चीनमधल्या प्रतीतून या नात्याबद्दलचे संवाद कापले होते, जेमतेम सहा सेकंदांचे. तेवढे काढूनही सिनेमा चालू शकला, यावरून ते नातं कथेत किती विणलेलं होतं ते बघा.

हट्टी वाचक
@शेवटची रांग, हेच तर म्हणतोय. पुस्तकातून १८वं प्रकरण असं कापून दाखवा.